सातेरीची वसाहत दर पावसाळ्यात पेटी सोडून जाते: कारण कसे ओळखायचे, काय करायचे

जूनमध्ये पेटी सातेरीने, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाश्यांनी, भरलेली असते. जुलैची झड संपते, ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस उघडीप मिळते आणि अशाच एका दुपारी सगळी वसाहत दारातून बाहेर पडते. जवळच्या झाडावर थोडा वेळ लटकते आणि निघून जाते. नवी वसाहत आणून भरली तरी पुढच्या वर्षी तेच. साताऱ्यात, कराडात, शिराळ्यात घरामागे एक-दोन पेट्या ठेवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे, आणि दोष बहुतेक वेळा पावसाला दिला जातो. उघडीप फक्त निघायचा दिवस ठरवते. निघायचे कारण त्याआधी महिना-दीड महिना पेटीत तयार होत असते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

सातेरी मेलिफेरासारखी (पेटीत पाळली जाणारी युरोपीय मधमाशी) घराला चिकटून राहत नाही. अन्न संपले, पोळ्याला कीड लागली, मुंगळ्यांनी हैराण केले की घर टाकून दुसरीकडे जाणे हीच तिची जगायची रीत आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तिथल्या पेट्यांतही हीच माशी आहे, पण त्या पेट्यांना जंगल जवळ आहे. बंगल्यामागच्या पेटीला एक-दीड किलोमीटरच्या फेरीत ऊस, सोयाबीन आणि प्लॉट पडलेले मिळतात. त्यामुळे घाटातल्या माणसाने सांगितलेले वेळापत्रक कराडात किंवा इस्लामपुरात जसेच्या तसे चालत नाही.

रिकामी पेटी लगेच धुऊ नका

माश्या गेल्या की पहिली चूक होते ती पेटी झाडून, धुऊन ठेवण्याची. पुरावा त्यातच असतो. एकेक चौकट बाहेर काढून उजेडात पाहा.

पोळ्यांत मध नाही, पराग नाही, अंडी-अळ्याही नाहीत, पोळी स्वच्छ आणि कोरडी आहेत, तर ती उपासमार. सातेरी उपाशी निघते तेव्हा एकाएकी निघत नाही. राणी अंडी घालणे थांबवते, असलेली पिले बाहेर पडेपर्यंत वसाहत थांबते आणि उरलासुरला मध पोटात भरून जाते. कामकरी माशीला अंड्यापासून बाहेर यायला साधारण १९-२० दिवस लागतात. म्हणजे निर्णय सुमारे तीन आठवडे आधी झालेला असतो.

पोळ्यात झाकलेली पिले तशीच टाकून गेल्या असतील तर जाणे घाईचे होते: मुंगळे, गांधीलमाश्या, पाणी शिरणे, दुसऱ्या वसाहतीने केलेली लूट, किंवा पेटी वारंवार उघडणे. पोळ्यात पांढरी जाळी, भुयारे आणि काळे बारीक दाणे दिसले तर मेणकिडा. पण इथे सावध राहा. वसाहत गेल्यावर पाच-सात दिवसांनी पाहिले तर मेणकिडा असतोच, कारण राखण करणारे कोणी उरलेले नसते. तो आधी आला की नंतर, हे जाळी किती पसरली आहे आणि अळ्या केवढ्या आहेत यावरून ठरवावे लागते. जाण्याच्या दुसऱ्याच दिवशी बोटाच्या पेराएवढ्या अळ्या सापडल्या तर कारण तेच.

अळ्या मेलेल्या, डोक्याकडचे टोक वर उचललेले, चिमट्याने ओढल्यावर पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या निघतात, तर तो सॅकब्रूड, अळ्यांचा रोग. दारासमोर जीभ बाहेर आलेल्या मेलेल्या माश्यांचा सडा असेल तर कीटकनाशक. आणि पेटीत निम्म्या माश्या अजून आहेत, पोळ्याच्या खालच्या कडेला राणीच्या कोठ्या लोंबत आहेत, तर वसाहत पळालेली नाही, तिची फाटाफूट झाली आहे, म्हणजे काही माश्या वेगळे घर करायला गेल्या आहेत. आपल्याकडे ती फुलोऱ्याच्या दिवसांत होते, भर पावसात सहसा नाही. तिचे उपाय वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

घरच्या पेट्यांत पावसाळ्यात सर्वांत जास्त दिसते ती पहिली गोष्ट. म्हणून तिच्यावरच जास्त लिहिले आहे.

उपासमारीची सुरुवात मेमध्ये

जांभूळ, हिरडा, करंज यांचा फुलोरा संपत आला की मध काढायची घाई होते. मधकोठीतला, म्हणजे पेटीच्या वरच्या मजल्यातला, मध काढला, इथपर्यंत ठीक. पण मधकोठीत कमी निघाला म्हणून खालच्या पिलांच्या कोठीतल्या चौकटीही यंत्रात घातल्या की ती वसाहत पावसाळ्यासाठी उपाशी ठेवलीच म्हणून समजा. पिलांच्या कोठीतल्या पोळ्यांच्या वरच्या पट्ट्यातला मध कधीही काढायचा नाही. घाटभागात, म्हणजे महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळ्याचा पश्चिम भाग, शेवटची काढणी मेअखेरपर्यंत संपवा. वळीव सुरू झाल्यावर जो मध येईल तो वसाहतीचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस धरायच्या आधी, एकदा नीट तपासणी करा. मधकोठी रिकामी असेल तर उतरवून घ्या. आठ चौकटींच्या पेटीत माश्यांनी दोन्ही बाजूंनी झाकलेली पोळी किती आहेत ते मोजा. पाच असतील तर पाचच ठेवा, उरलेली काढा आणि शेवटच्या चौकटीला लागून आडोशाची फळी लावा. माश्या नसलेले पोळे पेटीत ठेवणे म्हणजे मेणकिड्याला आमंत्रण. शिवाय मोकळी जागा जास्त असली की पेटी उबदार ठेवण्यात माश्यांची शक्ती जाते. तीनपेक्षा कमी पोळी झाकली जात असतील तर ती वसाहत पावसाळा एकटी काढेल यावर विसंबू नका. जवळ दुसरी वसाहत असेल तर दोन्ही एकत्र करा: कमजोर वसाहतीची राणी काढून घ्या, संध्याकाळी दोन कोठ्यांमध्ये वर्तमानपत्राचा एक कागद घाला, त्याला टाचणीने चार-पाच भोके पाडा आणि एकावर एक ठेवा. दोन-तीन दिवसांत माश्या कागद कुरतडतात आणि तोवर वास एक होतो.

साखरेचा पाक जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत द्यायचा. प्रमाण वजनाने सारखे: अर्धा किलो साखर, अर्धा लिटर पाणी. पाणी उकळून उतरवा, मग साखर विरघळवा. साखर घालून उकळत ठेवू नका, करपलेला पाक माश्यांना बाधतो. यातून साधारण ८०० मिली पाक होतो. त्याचे तीन भाग करून आठवड्यात एक दिवसाआड द्या. बारा आठवड्यांना एका पेटीमागे सहा किलोच्या आसपास साखर लागते.

देण्याची पद्धत पाकाइतकीच महत्त्वाची आहे. रुंद तोंडाची बरणी घ्या, झाकणाला बारीक खिळ्याने आठ-दहा भोके पाडा, बरणी भरून बाहेरच उलटी धरा. सुरुवातीला थोडे गळून धार थांबली की चौकटींवर उलटी ठेवा आणि भोवती रिकामी मधकोठी लावून छप्पर झाका. हे काम दिवेलागणीला करा. दिवसा पाक ठेवला, किंवा दोन थेंब पेटीवर सांडले, तर शेजारची जोमदार वसाहत लुटायला येते आणि कमजोर वसाहत एका दुपारीत संपते. एकाहून जास्त पेट्या असतील तर सगळ्यांना एकाच संध्याकाळी द्या, ज्यांना गरज नाही त्यांनाही थोडा. सकाळी बरणीत पाक उरला असेल तर काढून टाका आणि पुढच्या वेळी कमी द्या. पावसाळ्यात तो आंबतो, आणि आंबलेल्या पाकाने माश्यांना हगवण लागते.

गूळ, काकवी, बाजारातला मध यांतले काहीही देऊ नका. गुळातला न पचणारा भाग माश्यांच्या पोटात साठतो आणि पावसात त्यांना बाहेर जाता येत नाही. बाहेरच्या मधातून रोग येतात.

इतके करूनही वसाहत गेली तर बहुतेक वेळा परागाची उपासमार असते. पाकातून ताकद मिळते, पिले वाढत नाहीत. अळ्यांना परागच लागतो. पराग नसला की पिले नाहीत, आणि पिले नसली की सातेरीला घरात अडवून ठेवणारे काही उरत नाही. म्हणून पावसाळ्यात राणीपेक्षा अंडी शोधा. आपण उन्हाकडे पाठ करून उभे राहिलो आणि पोळे समोर धरले की पोळ्यातल्या घरांच्या तळाशी पांढरी काडीसारखी अंडी दिसतात. दोन तपासण्यांत सलग अंडी दिसली नाहीत, दारातून पायांवर पराग घेऊन येणारी एकही माशी दहा मिनिटांत दिसली नाही, तर निघायची तयारी सुरू आहे.

त्यासाठी चरबी काढलेले सोयाबीनचे पीठ तीन भाग, ब्रुअर्स यीस्ट एक भाग, साय काढलेल्या दुधाची पावडर एक भाग असे मिसळून घट्ट पाकात कणकेसारखे मळा. ५० ग्रॅमची चपटी वडी बटर पेपरमध्ये गुंडाळा, कागदाला खालून चिरा द्या आणि पिलांच्या वरच, चौकटींवर ठेवा. सातेरी ही वडी मेलिफेराइतक्या आवडीने खात नाही. चार दिवसांत हात लावला नाही तर काढून टाका, नाहीतर बुरशी येते. स्वतःच्याच निरोगी वसाहतीचा पराग उन्हाळ्यात साठवून ठेवला असेल तर चिमूटभर मिसळा, मग खातात.

बागेतून काय मिळू शकते

घरच्या बागेने एक वसाहत पोसली जाईल ही अपेक्षा धरू नका. पण जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी थोडा ताजा पराग मिळाला तरी राणी अंडी घालत राहते, आणि त्यासाठी घरामागची दोन गुंठे जागाही उपयोगाची आहे. वेळ मात्र उलटी मोजायची: फूल जुलैत हवे तर पेरणी मेच्या मध्यात, हाताने पाणी देऊन.

मक्याला ५०-५५ दिवसांत तुरा येतो. मेच्या मध्यापासून दर पंधरा दिवसांनी २५-३० दाणे टोकले की जुलै-ऑगस्टभर कुठला ना कुठला तुरा उघडा असतो. सकाळच्या उघडिपीत सातेरी त्यावर तुटून पडते. काकडी, दोडका, कारले, लाल भोपळा यांचे वेल मांडवावर चढवा. तुळस आणि सबजा मंजिऱ्या खुडत न बसता फुलू द्या. आइसक्रीम वेल कुंपणावर एकदा धरली की पावसापासून हिवाळ्यापर्यंत फुलत राहते. एकेरी पाकळ्यांचे ऑफिस टाइम कुंड्यांत लावा. गच्च पाकळ्यांच्या संकरित जातींत माशीला फार काही सापडत नाही. झेंडूलाही तेच लागू. कुंपणाबाहेरची लाजाळू तण म्हणून उपटू नका, तिची गुलाबी गोंडेदार फुले पावसाळ्यात परागाचा चांगला आधार असतात. नारळाचे झाड असेल तर उत्तमच, तो बाराही महिने फुलतो.

घाटाकडे सप्टेंबरमध्ये तेरडा, सोनकी, मग कारळा फुलला की वसाहत स्वतःच्या पायावर उभी राहते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. ज्या वर्षी ती फुलते त्या वर्षी ऑगस्टअखेरपासून पाक लागतच नाही. तिच्या भरवशावर मात्र नेहमीचे नियोजन करता येत नाही.

मेणकिडा

पतंग रात्री येतो, फटीत अंडी घालतो. तळपाटावर पडलेल्या मेणाच्या भुश्यात अळ्या वाढतात आणि तिथून पोळ्यात चढतात. म्हणून पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी तळपाट काढून खरवडा. यासाठी चौकटी उघडाव्या लागत नाहीत, हे काम दोन मिनिटांचे आहे. खरवडलेला भुसा तिथेच टाकू नका, जाळा. पेटीच्या फटी मेणाने बुजवा, दार दोन-अडीच इंचांपर्यंत लहान करा. तीन वर्षांची काळी पडलेली पोळी दर हंगामात एक-दोन काढून वितळवून मेण करा. जुन्या काळ्या पोळ्यावर किडा आधी जातो.

काढलेली चांगली पोळी साठवायची असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून २४ तास फ्रीजरमध्ये ठेवा, अंडीसुद्धा मरतात. मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि तशीच ठेवा. गंधकाच्या धुरीने अळ्या आणि पतंग मरतात, अंडी वाचतात, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा धुरी लागते. डांबरगोळ्या नकोत. त्यांचा अंश मेणात मुरतो आणि पुढच्या मधात उतरतो.

ओल, मुंगळे, गांधीलमाशी

पेटी दाराकडे अर्धा इंच उतरती ठेवा, शिरलेले पाणी आपोआप निघते. दार पश्चिमेला किंवा नैऋत्येला नको, पावसाचे सपकारे तिकडूनच येतात. पूर्व किंवा आग्नेय बरी. छपरावर पत्रा आणि त्यावर दगड. पेटीला चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळणे हा फार वाईट उपाय आहे: आतली वाफ बाहेर जात नाही, पोळ्यांना बुरशी येते.

स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असतात, पण पावसाळ्यात त्यांत माती आणि पाने साचून मुंगळ्यांना पूल मिळतो. आठवड्याला वाट्या साफ करा आणि पाण्यावर चमचाभर जुने इंजिन ऑईल सोडा, म्हणजे डासही होत नाहीत. गवत किंवा वेलाची फांदी पेटीला टेकते का ते पाहा. सगळे करूनही मुंगळे येतात तेव्हा कारण बहुतेक ती एक फांदीच असते.

गांधीलमाश्या ऑगस्ट ते ऑक्टोबर दारासमोर घिरट्या घालून येणारी-जाणारी माशी उचलतात. दार लहान केलेले असेल तर निम्मा त्रास कमी होतो. सकाळी दारापाशी उभे राहून बॅडमिंटनच्या रॅकेटने मारणे हाच खरा उपाय आहे, आणि त्यांचे घरटे सापडले तर रात्री जाणत्या माणसाकडून काढून घेणे.

सॅकब्रूड हा विषाणूचा रोग आहे. त्यावर अँटिबायोटिक देऊन उपयोग नाही. रोगट पोळी काढून जाळा, त्या पेटीच्या चौकटी किंवा मध दुसऱ्या पेटीत घालू नका. राणीला दोन आठवडे पिंजऱ्यात ठेवून पिलांचा खंड पाडतात, पण हे फुलोरा चालू असतानाच करा. भर पावसात पिले थांबवली तर रोगाआधी वसाहतच जाईल.

माण, खटाव, आटपाडी, जत आणि द्राक्षांचा पट्टा

इथे दिवस बदलतात. पूर्व भागात वसाहत जाते ती एप्रिल-मेमध्ये, उष्णतेने आणि पाण्यावाचून. पेटीला दुपारची दाट सावली, छपरावर ओले पोते आणि वीस-पंचवीस फुटांच्या आत उथळ थाळीत खडे घालून रोज बदललेले पाणी एवढे लागतेच. पाक द्यायचा तो मार्चअखेरपासून. पावसानंतर तीळ, सूर्यफूल, तूर, मग शाळूचा पराग असे चांगले दिवस येतात.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सलग चालतात. कऱ्हाड-वाळव्याकडे जुलैअखेर-ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलोऱ्यात असताना कीटकनाशक पडते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधे माश्यांना फार घातक आहेत. शेजारच्या शेतकऱ्याला आधी कळवायला सांगा आणि फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर घेण्याची विनंती करा. बहुतेक जण ऐकतात. आदल्या रात्री दार जाळीने बंद करून पेटी एक दिवस सावलीत, हवेशीर ठेवता येते. त्याहून जास्त वेळ कोंडू नका. फवारण्या पंधरवडाभर चालणार असतील तर पेटी तीन किलोमीटरपेक्षा लांब हलवणेच बरे, त्याहून जवळ नेली तर माश्या जुन्या जागी परततात.

निघायच्या बेतात असलेली किंवा नुकतीच निघालेली वसाहत

अंडी थांबली आहेत हे वेळेत कळले तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दुसऱ्या निरोगी वसाहतीतली अंडी आणि कोवळ्या अळ्यांची एक चौकट, माश्या झटकून, मधोमध बसवणे. सोबत त्याच संध्याकाळपासून पाक. कोवळी पिले टाकून सातेरी सहसा जात नाही.

क्वीन गेट, म्हणजे दारावरची राणीला अडवणारी जाळी, यावर बरेच लोक विसंबतात. ती चार-पाच दिवसांची सोय आहे. कारण दूर केले नाही तर माश्या आत-बाहेर करत दमतात, नर जाळीत अडकून मरतात आणि शेवटी कामकरी राणीला सोडून जातात. नवी, न फळलेली राणी असेल तर जाळी लावूच नका, तिला मिलनासाठी बाहेर जावे लागते.

वसाहत झाडावर लटकलेली सापडली तर घोळक्यावर हलका पाण्याचा फवारा मारा, घोळका खालून पिशवीत किंवा टोपलीत घ्या, आणि संध्याकाळी पेटीत सोडा. ज्या पेटीतून गेल्या तीच पेटी न धुता, तीच पोळी ठेवून पुन्हा दिली तर दोन दिवसांत परत जातात. पेटी दुसरी द्या, किंवा तीच आतून खरवडून, ब्लोलॅम्पच्या ज्योतीने भाजून द्या. एक पिलांची चौकट, दोन स्वच्छ पोळी, पाक आणि जाळी. पाच दिवस उघडून पाहू नका. सहाव्या दिवशी पराग आत जाताना दिसला तर जाळी काढा.

सापडली नाही तर पेटी भाजून, आत थोडे मेण चोळून, दोन जुनी पण निरोगी पोळी लावून ऑक्टोबरच्या सुरुवातीला छपरावर किंवा झाडाच्या दुबेळक्यात आठ-दहा फूट उंच ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फाटाफूट झालेल्या वसाहती घर शोधत फिरतात. पेटीवर दहा-वीस टेहळणीच्या माश्या सतत दिसू लागल्या की तिला हात लावू नका. वसाहत आत शिरल्यावर तीन-चार दिवसांनी, रात्री दार बंद करून पेटी खाली स्टँडवर आणा.